पाण्याकाठची ही वाट आपल्या माणसांना दाखवा

महाराष्ट्र मंडळ, लंडन यांस खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,
महाराष्ट्र मंडळ, लंडन.



पत्र लिहिण्यास कारण की, मंडळाच्या वर्षभराच्या कार्यक्रमांत एका दिवसाची भर घालावी, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. या दिवसासाठी हॉल घ्यावा लागणार नाही, माइक लागणार नाही, तिकिटं छापावी लागणार नाहीत. सकाळी स्ट्रॅटफर्डच्या ऑलिंपिक पार्कात जमायचं. ली नदी आणि तिच्या कालव्यांच्या काठाने दक्षिणेला चालत राहायचं. रॉयल डॉक्सच्या जुन्या गोद्यांपाशी यायचं, थेम्स ओलांडायची आणि ओटूच्या घुमटामागच्या नदीकाठावर पोचायचं. या सगळ्या वाटेवर आजच्या काळातली शिल्पं उघड्यावर, पाण्याच्या कडेला आणि काही थेट पाण्यात उभी आहेत. 'द लाइन' हे या वाटेचं नाव. २०१५च्या मे महिन्यात ती लोकांसाठी खुली झाली. ग्रीनिचचं शून्य रेखावृत्त ज्या दिशेने जातं, साधारण त्याच दिशेने ही वाट जाते, म्हणून हे नाव. आरामात चाललं तर तीन-चार तास लागतात, आणि शिल्पं पाहायला एक पैसाही पडत नाही.

आपलं मंडळ १९३२ पासून या शहरात आहे. डॉलिस हिलच्या वास्तूत गणपती बसतो, दिवाळी साजरी होते, नाटकं आणि गाण्याच्या मैफली रंगतात. परमुलखात भाषा आणि सण टिकवायचे तर डोक्यावर हक्काचं छप्पर लागतंच, आणि ते उभं करणाऱ्या पिढीचे आमच्यासारख्या मागून आलेल्यांवर फार उपकार आहेत. पण आता मराठी माणूस लंडनच्या वायव्येपुरता राहिलेला नाही. नोकरी कॅनरी व्हार्फला आणि घर स्ट्रॅटफर्ड, रॉयल डॉक्स किंवा ग्रीनिचला, अशी कितीतरी कुटुंबं पूर्व लंडनमध्ये आहेत. त्यांच्या खिडक्यांखालून याच नद्या, हेच कालवे आणि याच गोद्या जातात. मीही त्यांच्यातलीच एक.

या घरांमध्ये दर उन्हाळ्यात आई-बाबा येतात. सहा महिन्यांचा व्हिसा असतो. पहिल्या काही आठवड्यांत राजवाडा, टॉवर ब्रिज, लंडन आय, एखादी स्कॉटलंडची सहल हे सगळं उरकतं. मग मुलगा-सून कामाला, नातवंडं शाळेला आणि हे दोघं खिडकीपाशी. आमच्या इमारतीत पुण्याहून आलेल्या एका काकांनी मला लिफ्टमध्ये विचारलं होतं, "हे खालचं पाणी येतं कुठून हो? सकाळी भरलेलं असतं आणि दुपारी नुसता चिखल." ज्या माणसाला मुठेच्या पाण्याची पातळी पुलावरून बघून पावसाचा अंदाज येतो, त्याला इथल्या पाण्याचं साधं उत्तर द्यायला आपल्यापैकी कोणी नव्हतं. ते उत्तर या वाटेवर आहे. माझी विनंती अशा काका-काकूंसाठी आहे आणि तेवढीच आपल्या मुलांसाठीही आहे.

आपण म्हणाल, लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियम आणि टेट मॉडर्नसुद्धा फुकटच पाहायला मिळतं, मग ही वाटच कशाला? त्या संस्थांबद्दल मला आदरच आहे. पण दाराशी बॅग तपासणं, आत दबक्या आवाजात बोलणं, भिंतीवरची इंग्रजी माहिती, आणि 'आपल्याला यातलं काय कळतंय' हा संकोच, या सगळ्यामुळे कितीतरी माणसं उंबऱ्यावरच थबकतात. नदीकाठच्या शिल्पाला उंबरा नसतो. तिथे मोठ्याने बोलता येतं, डब्यातला चिवडा काढून बसता येतं, नको असेल ते शिल्प ओलांडून पुढे जाता येतं. कुत्रं फिरवणारा, सायकलवरून कामाला जाणारा, शाळेतून घरी निघालेली पोरं, सगळे त्याच शिल्पाला वळसा घालून जातात. कलेशी अशी रोजची ऊठबस असली की तिची भीती जाते.

ही वाट मेगन पायपर आणि क्लाइव्ह डटन या दोघांच्या पुढाकारातून उभी राहिली. पायपर कलादालनाच्या क्षेत्रातल्या. डटन शहर पुनर्विकासाच्या कामातले जाणकार. सुरुवातीचा पैसा लोकवर्गणीतून जमवला. वाट सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच डटन वारले. आज ही वाट एक धर्मादाय संस्था चालवते. बरीचशी शिल्पं कलावंतांकडून आणि कलादालनांकडून काही वर्षांसाठी उसनी आणलेली असतात. ती परत जातात, त्यांच्या जागी दुसरी येतात. म्हणूनच ही वाट एकदा पाहिली आणि संपली, असं होत नाही. वर्गणी काढून सार्वजनिक गोष्ट उभी करायची आणि दरवर्षी नव्याने मांडायची, ही रीत आपल्या लोकांना मी वेगळी समजावून सांगायला नको.

शिल्पांइतकीच महत्त्वाची आहे ती या पाण्याची हकिगत. १८४४च्या इमारत कायद्याने दुर्गंधी सोडणाऱ्या आणि घातक उद्योगांवर लंडनच्या हद्दीत निर्बंध आले. ली नदी ही तेव्हाची हद्द. मग हाडं उकळणारे, रसायनं बनवणारे, साबण आणि खतं करणारे कारखाने नदीच्या पूर्व तीरावर आले, कारण तिथे तो कायदा लागू नव्हता. पश्चिमेच्या श्रीमंत लंडनने आपली घाण पूर्वेकडे ढकलली आणि नदी ही त्या दोन लंडनांमधली सीमा झाली. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटला कामकाज करणं अवघड केलं, तेव्हा जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली मोठ्या गटारांचं जाळं बांधलं गेलं. त्यातलं उत्तरेचं मुख्य गटार याच भागातून जातं. ऑलिंपिक पार्काच्या दक्षिणेला 'ग्रीनवे' नावाची जी उंच, हिरवी पायवाट आहे, ती त्या गटाराच्या पाठीवर आहे. तिच्या लगत १८६८ साली पूर्ण झालेलं ॲबी मिल्सचं उपसा केंद्र आहे. सांडपाणी उपसण्यासाठी बांधलेली ही इमारत कमानींनी, नक्षीने आणि घुमटाने इतकी सजवलेली आहे की लांबून पाहणाऱ्याला ते देऊळच वाटावं.

थोडं पुढे गेलं की थ्री मिल्स. तिथली हाउस मिल १७७६ सालची. भरतीच्या पाण्यावर चालणाऱ्या, आज उभ्या असलेल्या जगातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी ही एक. भरतीचं पाणी दारं उघडून आत घ्यायचं, दारं लावून कोंडून ठेवायचं आणि ओहोटी लागली की चाकांवर सोडायचं. त्या जोरावर चार पाणचक्क्या आणि जात्यांच्या बारा जोड्या फिरत. इथे दळलेलं धान्य मुख्यतः शेजारच्या भट्टीत जिन गाळण्यासाठी जाई. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बवर्षाव होईपर्यंत ही गिरणी दळत होती. समुद्र इथून कितीतरी मैल दूर, तरी त्याची भरती दिवसातून दोनदा या गिरणीच्या दारात येत असे. आमच्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर ते हेच: बो लॉक्सच्या खाली ली नदी भरती-ओहोटीची होते, तिला तिथे 'बो क्रीक' म्हणतात, म्हणजे आपल्याकडची खाडीच. कोकणातल्या माणसाला एवढं सांगितलं की पुढचं तोच तुम्हाला सांगेल.

या वाटेवरचं सर्वांत उंच शिल्प सुरुवातीलाच भेटतं. ऑलिंपिक पार्कातला लालभडक, वेटोळ्या लोखंडाचा 'आर्सेलर मित्तल ऑर्बिट' ११४.५ मीटर उंच आहे. २०१२च्या ऑलिंपिकसाठी तो अनिश कपूर आणि अभियंते सेसिल बालमंड यांनी रचला. कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला, हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं. वर जायला तिकीट आहे. खालून, पुलावरून, कालव्याच्या पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबातून पाहायला नाही. हे शिल्प उभं राहिलं तेव्हा लंडनमध्ये त्याच्यावर सडकून टीका झाली आणि आजही ते सगळ्यांना आवडतं असं नाही. मला वाटतं, आपल्या लोकांना सुरुवातीलाच हे सांगावं. एखादं मोठं नाव असलेलं शिल्प न आवडण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि तो हक्क वापरला की पुढच्या शिल्पाकडे माणूस मोकळ्या मनाने बघतो.

थ्री मिल्सच्या हिरवळीवर २०२० साली थॉमस जे. प्राइस यांचं 'रीचिंग आउट' उभं राहिलं. ब्राँझमधली नऊ फूट उंचीची एक कृष्णवर्णीय तरुणी. अंगावर साधे कपडे, हातात मोबाइल, मान खाली, पडद्यावर काहीतरी वाचते आहे. ना तलवार, ना घोडा, ना चौथरा. बसथांब्यावर रोज दिसणारी मुलगी. पुतळा कुणाचा असावा, या प्रश्नावर महाराष्ट्रात आपण किती तावातावाने बोलतो! ज्याच्या नावाने कधीच कोणी पुतळा उभारणार नाही, अशा माणसाचा पुतळा उभारला की बघणाऱ्याच्या मनात काय होतं, याचा अनुभव आपल्या लोकांना जरूर मिळायला हवा.

पुढे खाडीकाठी ॲबिगेल फॅलिस यांचं २००३चं 'डीएनए डीएल९०' आहे. सुपरमार्केटच्या बावीस ट्रॉल्या एकीवर एक रचून केलेला डीएनएचा दुहेरी पीळ. शेजारच्या कालव्यांच्या गाळात फेकून दिलेल्या ट्रॉल्या वर्षानुवर्षं निघत आल्या आहेत, त्यामुळे ते इथे नीट शोभतं. खरेदी ही आपल्या रक्तातच उतरली आहे का, हा प्रश्न लहान मुलांनाही लगेच कळतो. या शिल्पापाशी मुलं सर्वांत जास्त वेळ रेंगाळतात, असा माझा अनुभव आहे. वाटेत ब्रॉम्ली-बाय-बोच्या जुन्या गॅस साठवणाऱ्या टाक्यांचे सात लोखंडी सांगाडे दिसतात. टाक्या गेल्या, ओतीव लोखंडाचे खांब आणि त्यावरची नक्षी राहिली. हे सांगाडे शिल्पं म्हणून कोणी केले नव्हते, पण या वाटेवरून चालताना ते तसेच पाहिले जातात.

मग कोडी डॉक येतो. इथे जरा जास्त वेळ काढा, असं माझं आवर्जून सांगणं आहे. १८७०च्या दशकात गॅस कारखान्याला कोळसा आणणाऱ्या होड्यांसाठी ही छोटी गोदी खणली. कारखाना बंद पडला, गोदी कचऱ्याने भरली, नदीकाठ कुंपणाआड गेला. २००९ पासून स्थानिक लोकांनी एकत्र येऊन, स्वयंसेवकांच्या हातांनी ती साफ केली, बाग लावली, वाट उघडली. आता तिथे २०२३ साली खुला झालेला एक पूल आहे, थॉमस रँडल-पेज यांनी कल्पिलेला. गोदीच्या तोंडावर, दोन्ही काठांवर नागमोडी दातेरी रूळ आहेत. पुलाच्या दोन टोकांना गोलाई दिलेल्या कोपऱ्यांच्या चौकटी आहेत आणि त्या चौकटी या रुळांवर बसवलेल्या आहेत. होडी आत यायची असली की माणूस हाताने चक्र फिरवतो आणि अख्खा पूल दात्यांवरून गडगडत पुढे सरकतो. सरकता सरकता तो उलटा होतो, चालायची फळी वर आकाशाकडे जाते आणि खालून होडी निघून जाते. वजनांचा तोल इतका नेमका साधला आहे की मोटर लागत नाही. त्या नागमोडी रुळावरचे दाते, त्यांत अडकणारे चौकटीचे दाते आणि जमिनीवर पाय रोवून चक्र फिरवणारा एकटा माणूस, हे दृश्य आपल्या इंजिनिअर मंडळींना दाखवा. त्यांना पुढे हलवणं कठीण जाईल.

कोडी डॉकच्या पुढे नदीकाठाची वाट अजून सलग नाही, म्हणून तिथून स्टार लेन स्टेशनला येऊन डीएलआरने रॉयल व्हिक्टोरिया गाठतात. थकलेल्या गुडघ्यांना ही विश्रांतीच. आणि इथून ही वाट आपलीही होते.

रॉयल व्हिक्टोरिया डॉक १८५५ साली खुला झाला. पुढे रॉयल अल्बर्ट आणि किंग जॉर्ज पाचवा, अशा दोन गोद्या जोडल्या गेल्या. धान्य, मांस, तंबाखू, चहा. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतला माल इथे उतरे. आणि हा माल आणणाऱ्या बोटींवर आपली माणसं होती. पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर डेकवर राबणाऱ्या खलाशांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान दर्यावर्दी होते. जेवणघरात वाढणारे, केबिनी सांभाळणारे बहुतेक गोव्याचे. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या एकेका गावाचे 'कूड' होते. दोन सफरींच्या मधल्या काळात हे खलाशी तिथे राहत. लंडनला उतरल्यावर मात्र त्यांच्यासाठी घर नव्हतं. हिंदी खलाशी थंडीत रस्त्यावर मरू लागले, तेव्हा १८५७ साली लाइमहाउसमध्ये आशियाई, आफ्रिकी आणि दक्षिण समुद्रातल्या खलाशांसाठी एक आश्रयस्थान उघडलं गेलं. ते ठिकाण या गोद्यांपासून फार लांब नव्हतं. ली आणि थेम्स जिथे मिळतात, तिथेच ईस्ट इंडिया डॉक्स होत्या, १८०६ सालच्या. नावातच सगळं आलं.

या खलाशांची नावं आपल्याला बहुतेक सापडणार नाहीत. पण ते ज्या काठावर उतरले तो काठ इथे आहे, आणि आपण तिथे फ्लॅट घेऊन राहतो. लंडनमधल्या मराठी माणसाचा इतिहास मंडळाच्या स्थापनेपाशी सुरू होत नाही, बॅरिस्टर आणि विद्यार्थ्यांपाशीही सुरू होत नाही. तो या गोद्यांत, निरक्षर कोकण्यांच्या आणि गोवेकरांच्या अंगमेहनतीपाशी सुरू होतो. मंडळाने एकदा इथे येऊन, पाण्याकडे तोंड करून, मोठ्याने त्यांची आठवण काढावी, असं मला फार वाटतं.

गोदीच्या पाण्यात लॉरा फोर्ड यांचा 'बर्ड बॉय' उभा दिसतो. पक्ष्याचा वेश केलेला एक एकटा, अवघडलेला मुलगा, चहूकडे पाणी. बाजूलाच २०२२ पासून लंडनच्या महापौरांचं कार्यालय, सिटी हॉल, आहे. घरापासून लांब, न बसणाऱ्या कपड्यांत, सगळ्यांच्या नजरेत असूनही कुणाशी बोलू न शकणारं ते मूल पाहिलं की इथे नव्याने आलेल्या कुणालाही त्याच्याबद्दल माया वाटते. हा माझा अर्थ. फोर्ड यांनी तो तसाच योजला असेल असं मी म्हणत नाही. उघड्यावरच्या शिल्पाची हीच तर मोकळीक आहे.

तिथून थेम्स ओलांडायला केबल कार आहे. या टप्प्याला तिकीट पडतं, हे आधी सांगायला हवं. ज्यांना नको त्यांनी ट्यूबने नॉर्थ ग्रीनिचला यावं. पलीकडच्या भूशिरावर एके काळी गॅसचा प्रचंड कारखाना होता. त्याच्या आठवणीसाठी ॲलेक्स चिनेक यांनी २०१५ साली ३५ मीटरचा विजेचा मनोरा टोकावर उलटा उभा केला. जवळच सर्ज अतुक्वेई क्लॉटी यांचं 'ट्राइब अँड ट्रिब्युलेशन' आहे, घानाच्या मासेमारी होड्यांचं जुनं लाकूड वापरून केलेला उभा स्तंभ. समुद्रावरून ज्यांना गुलाम करून नेलं त्यांच्या देशाचं लाकूड थेम्सच्या काठावर येऊन उभं राहतं, तेव्हा गोद्यांच्या गोष्टीची दुसरी बाजू पुढे येते.

आणि मग रिचर्ड विल्सन यांचं २००० सालचं 'अ स्लाइस ऑफ रिॲलिटी'. रेती उपसणारं खरं समुद्री जहाज, पुढून आणि मागून कापून काढलेलं. लांबीतला पंच्याऐंशी टक्के भाग गेला, उरलेला पंधरा टक्के नदीच्या पात्रात उभा आहे. ओहोटीच्या वेळी जा. जहाजाचा तळ गाळावर टेकलेला दिसतो, आणि कापलेल्या बाजूंतून आतले मजले उघडे पडलेले दिसतात: वर कप्तानाची खोली, खाली राहायच्या खोल्या, त्याखाली इंजिनाची जागा. तोडलेले पाइप, वाऱ्यापावसाने गंजलेल्या कडा. भरती आली की पाणी पुन्हा खालच्या मजल्यापर्यंत चढतं. रत्नागिरीचा खलाशी कुठे झोपत असेल, हे पोरांना दाखवायला याहून नेमकी जागा लंडनमध्ये मला माहीत नाही.

तिथून थोड्याच अंतरावर रस्त्यावरच्या पाटीसारखी एक साधी पाटी आहे. थॉमसन आणि क्रेगहेड या जोडीची २०१३ची ही कलाकृती. पाटीवर 'हिअर' एवढा एक शब्द आणि २४,८५९ हा आकडा. ती बरोबर शून्य रेखावृत्तावर उभी आहे. तिथून निघून दोन्ही ध्रुवांवरून पृथ्वीला वळसा घालून परत तिथेच यायचं तर तेवढे मैल होतात. 'घरी आता किती वाजले?' हा आपल्या प्रत्येकाच्या मनात दिवसातून चारदा येणारा हिशेब याच रेषेपासून सुरू होतो. आज आपण साडेपाच तास धरतो. पण मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचपेक्षा ४ तास ५१ मिनिटं पुढे होती. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने ती सोडली नाही आणि १९५५ पर्यंत जपली. ही गोष्ट त्या पाटीखाली उभं राहून सांगा. नातवंडं आजोबांकडे वेगळ्या नजरेने बघतील.

शेवटी अँटनी गॉर्मली यांचं 'क्वांटम क्लाउड', तीस मीटर उंच, थेम्सच्या पाण्यात. दीड-दीड मीटरच्या पोलादी कांड्या विस्कटलेल्या दिसाव्यात अशा जोडल्या आहेत. जवळून नुसता लोखंडाचा गुंता. काठाने चालत जागा बदलत गेलात की त्या गुंत्याच्या आत एक माणूस उभा असल्याचं हळूहळू दिसू लागतं. तो आकार गॉर्मली यांच्या स्वतःच्या देहाचा आहे. तरुणपणी ते भारतात येऊन सत्यनारायण गोएंका यांच्याकडे विपश्यना शिकले. गोएंकांचं मुख्य केंद्र पुढे इगतपुरीला उभं राहिलं, जिथे आपल्यापैकी अनेकांचे आईवडील दहा दिवसांचं शिबिर करून आले आहेत. त्या मंडळींना या शिल्पापुढे कोणाच्या मदतीची गरज पडणार नाही.

एक गोष्ट मला प्रामाणिकपणे मांडायला हवी. या वाटेच्या दोन्ही अंगांना उंच इमारती उठत आहेत, भाडी चढत आहेत आणि पाण्याकाठचं शिल्प घर विकणाऱ्याच्या जाहिरातीतही छापलं जातं. नदीचा काठ एकदा खासगी अंगण झाला की तो परत मिळवणं फार अवघड असतं. यावर सामान्य माणसाच्या हातात एक उपाय आहे: तिथे जात राहणं. ज्या वाटेवर रोज माणसं चालतात, मुलं खेळतात आणि म्हातारी माणसं बाकांवर बसतात, ती वाट सहजासहजी बंद करता येत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली, मे किंवा जूनमधला एक रविवार ठरवा. तारीख ठरवताना भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघा आणि दुपारी ग्रीनिचला ओहोटी असेल असा दिवस घ्या. ज्यांना पूर्ण चालवत नाही त्यांच्यासाठी दोन सोपे तुकडे करा: ऑलिंपिक पार्क ते थ्री मिल्स, आणि नॉर्थ ग्रीनिचचा नदीकाठ. दोन्ही ठिकाणी स्टेशन जवळ आहे आणि वाट सपाट आहे.

दुसरी, या वाटेची माहिती मराठीत तयार करा. शनिवारच्या मराठी शाळांतल्या मुलांना एकेक शिल्प वाटून द्या. त्यांनी ते जाऊन बघावं, आजी-आजोबांना सोबत न्यावं, आणि दोघांनी मिळून पंधरा-वीस ओळी लिहाव्यात. मुलांना लिहायला खरा विषय मिळेल, आजोबांना बोलायला खरं कारण मिळेल. गोद्यांतल्या खलाशांवरचं टिपण मात्र जाणकारांकडून नीट तपासून घ्या.

तिसरी, गणेशोत्सवाच्या वर्गणीतून दरवर्षी एक छोटी रक्कम या वाटेसाठी बाजूला काढा. आपण इथे पाहुणे नाही. या शहरात कर भरतो, मतदान करतो, मुलं वाढवतो. ज्या सार्वजनिक गोष्टीचा आपण लाभ घेतो तिच्या खर्चात आपलं नाव असलं पाहिजे.

पहिल्या वर्षी वाट दाखवायला आणि मुलांची टिपणं एकत्र करायला मी तयार आहे. माझ्या ओळखीची आणखी काही मंडळीही येतील. मंडळाने फक्त तारीख जाहीर करावी आणि आपल्या सभासदांना सांगावं, की येताना घरी आलेल्या आई-बाबांना सोबत आणा.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
पूर्व लंडनमधली एक मराठी रहिवासी